पेंडिंग हाऊस

रेकशॉ, ६ सप्टेंबर १९७०

प्रिय इडा,

या शाळेत मी माझ्या हातांनी काय काय केलं त्याची यादी तू मागितलेली नाहीस. तरी देतो, कारण मागच्या पत्रात तू मला ‘शाळेचा शिपाई’ म्हणालीस. सभागृहाच्या चौदा खिडक्यांच्या चौकटी. मुख्याध्यापकांचं भाषणाचं मेज, एकही खिळा न मारता. ब्रिंडल, हार्डिंग आणि लँगडेल या तिन्ही हाऊसच्या ढाली. अक्षरं सव्वा इंच, वर्ख खऱ्या सोन्याचा. हाऊसचे गुण दाखवायला उभ्या काचनळ्यांची चौकट. चांगला निबंध लिहिला की आपल्या हाऊसच्या नळीत एक गोटी आत, व्हरांड्यात पळालं की एक बाहेर. आणि लाकडात कोरलेला कोंबडा. वर्षअखेर ज्यांच्या नळीत सर्वांत जास्त गोट्या, ते कोंबडा हाऊस, आणि तो कोंबडा पुढचं वर्षभर त्यांच्या बाकांपाशी उभा. त्याला दोनशे चौदा पिसं आहेत. येशील तेव्हा मोजून घे. हे मला कुणी शिकवलं? कुणीही नाही. तेराव्या वर्षी शाळा सुटली, पुढचं वाचनालयातल्या ज्ञानकोशाने शिकवलं. ‘ए’पासून धरलाय, सध्या ‘एन’वर आहे.

आता बातमी. आपली मिल लेनची शाळा बंद झाली. तिथली शहाऐंशी मुलं आमच्याकडे आली. तिन्ही हाऊसवाले म्हणतात, आमच्याकडे जागा नाही; म्हणून मुख्याध्यापक फेअरक्लफ यांनी या मुलांचं चौथं हाऊस काढलं. स्वतः सुट्टीवर स्कॉटलंडला गेले आणि जाताना माझ्या कार्यशाळेच्या दाराखालून चिठ्ठी सरकवून गेले. टाइप केलेली, नावं एकाखाली एक: ब्रिंडल, हार्डिंग, लँगडेल, पेंडिंग. खाली, ‘चौथी ढाल सोमवार १४ पर्यंत.’

ढाल काल झाली. मोडीत काढलेल्या चॅपलच्या बाकाचं ओक, अक्षरांमागची जमीन पिवळी. सात अक्षरं, प्रत्येकाला दोन दिवस, कडेच्या नक्षीला पाच, एकूण एकोणीस.

एवढंच की बाकीची तिन्ही हाऊस गावच्या मोठ्या माणसांच्या नावाची, पण हे पेंडिंग कोण, ते मला माहीत नाही. आपल्या भागात पेंडल आहे, पेंडलटन आहे, पेंडलबरी आहे, तेव्हा कुठेतरी एखादा पेंडिंगही असणार. हार्डिंग असू शकतो तर पेंडिंगने काय घोडं मारलंय? वाचनालयात कुठे नाव सापडलं नाही. एवढा मोठा माणूस आणि कुठे नाव नाही, म्हणजे स्वभावाने फार विनयी असणार. तू अकरा वर्षं कौन्सिलच्या कचेरीत टायपिस्ट होतीस. तुझ्या कानावर कधी आलं होतं हे नाव?

तुझा भाऊ,
पर्सी


मोरकॅम्ब, ९ सप्टेंबर १९७०

प्रिय पर्सी,

तुझं पत्र मी न्याहारीच्या वेळी वाचलं आणि माझ्या हातून दोन पाहुण्यांची अंडी करपली.

पेंडिंगला ओळखते का म्हणतोस? अरे, चांगलंच ओळखते! अकरा वर्षं माझ्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होता. जागचा कधी हलला नाही. गावातलं निम्मं काम त्याच्याकडे. कुणी चौकशीला आलं की साहेब म्हणायचे, “तुमचं प्रकरण पेंडिंगमध्ये आहे.” की माणूस मुकाट घरी. अंगावर चहा सांडला तरी हूं नाही की चूं नाही. त्याच्याइतकं सोसलेलं रेकशॉमध्ये दुसरं कुणी नसेल.

आता हसून झालं असेल तर छिन्नी खाली ठेव, आणि साहेब परत येईपर्यंत ती ढाल कुणाला दाखवू नकोस. कळलं ना?

इडा


रेकशॉ, १५ सप्टेंबर १९७०

प्रिय इडा,

तुझे उपकार कसे फेडू? तुझं पत्र आलं नसतं तर काल माझी अब्रू गेली होती. छिन्नी खाली ठेव म्हणालीस, ती तुझी माया. ढाल दाखवायचीही नव्हतीच. पडद्याखाली झाकून ठेवली होती.

साहेब रविवारी रात्री उशिरा परतले, त्यामुळे आधी गाठ पडली नाही. काल सकाळी सभागृहात सहाशे मुलं आणि व्यासपीठावर आपले नगरपिता टॅटरसॉल. तोच, मिल लेनमध्ये माझी गणितं उतरवून काढणारा. आता त्याचा लोणच्याच्या कांद्यांचा कारखाना आहे आणि शाळेच्या मंडळाचा तो अध्यक्ष आहे. साहेबांनी दोरी ओढली. पडदा पडला. साहेब ढालीकडे बघतात, ढाल साहेबांकडे. चेहरा बिटासारखा लाल. मला वाटलं, नाव आठवत नाही बिचाऱ्यांना, प्रवासाचा शीण. मी पुढे होऊन कानात सांगितलं, “सर, पेंडिंग. कौन्सिलमध्ये होते. अकरा वर्षं एका जागी. फार सोसलं त्यांनी.”

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मुलांकडे वळून म्हणाले, “हे हाऊस... ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्या पेंडिंग यांनी... या गावाची वर्षानुवर्षं... निमूटपणे सेवा केली.”

टाळ्या! आणि टॅटरसॉल उठून उभा. “मी सांगतो ना! माझं त्यांच्याशी फार काम पडलं. कारखान्याच्या वाढीव बांधकामाचा अर्ज तीन वर्षं त्यांच्याकडेच होता. काटेकोर माणूस! घाई म्हणून माहीत नाही!”

त्याला तर पुढे बोलायचं होतं, पण साहेबांना खोकला आला.

मी साहेबांना सांगून ठेवलंय की माझी बहीण पेंडिंगसाहेबांना जवळून ओळखत होती. बक्षीस समारंभ शुक्रवारी, ११ डिसेंबरला आहे. तुझं भाषण दहा मिनिटं. फोटो असला तर घेऊन ये.

पर्सी


मोरकॅम्ब, १७ सप्टेंबर १९७०

पर्सी,

आधी खुर्चीत बस. बसलास?

तो ट्रे आहे.

लाकडी ट्रे. साहेबलोकांच्या टेबलावर तीन असतात. एकात आलेले कागद, एकात जायचे कागद, आणि तिसऱ्यात ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही असे कागद. त्या तिसऱ्यावर लिहिलेलं असतं पेंडिंग. तुझ्या साहेबांना चौथ्या हाऊसचं नाव सुचलं नव्हतं, म्हणून त्यांनी तिथे तसं लिहिलं. मी गंमत केली, मला वाटलं तू हसशील. तू जन्मात माझ्या एकाही विनोदाला हसला नाहीस हे मी विसरले, ती माझी चूक.

‘पी’चा खंड आधी वाचला असतास तर काय बिघडलं असतं?

भाषणाला मी येणार नाही. ट्रेचा फोटो माझ्याकडे नाही.

इडा


रेकशॉ, १ नोव्हेंबर १९७०

प्रिय इडा,

सहा आठवडे लिहिलं नाही, कारण सर्दी होती.

चूक माझी. हे वाक्य मी एकदाच लिहीन. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, “सर, ढाल उतरवतो.”

ते म्हणाले, “कॅटरल, तुम्ही मला दारात गाठून विचारलं असतंत तर किती बरं झालं असतं. आता मी सहाशे मुलांपुढे काय सांगू? मुख्याध्यापकांनी एका ट्रेला श्रद्धांजली वाहिली म्हणून? आणि टॅटरसॉलसाहेबांना? ते तर त्याला ओळखत होते.”

“मग सर?”

“नाताळपर्यंत राहू दे. मग दुरुस्तीच्या नावाखाली काढू आणि दुसरं काहीतरी लावू.”

मीही हो म्हटलं. आता खरी गोष्ट सांगतो. मोठ्या वर्गातल्या मुलांना आठवड्याभरातच उमजलं. ज्यांचे बाप कचेरीत आहेत त्यांना तर पहिल्याच दिवशी. जेवणाच्या रांगेत मिल लेनची मुलं दिसली की ब्रिंडलवाले ओरडतात, “अरे थांबा, तुमचं जेवण पेंडिंग आहे!” सामना हरले की, “तुमचा निकाल तुमच्या नावातच आहे!” त्या मुलांची शाळा गेली, जुने कोट अजून अंगावर आहेत, आणि वर हे. काचनळीत इतरांच्या नव्वद-नव्वद गोट्या, यांच्या अकरा. मी बनवलेल्या नळीत, इडा. रोज सकाळी पुसताना दिसतात.

परवा त्यांची कप्तान कार्यशाळेत आली. ग्लेनिस डकवर्थ, पंधरा वर्षांची, जाड चष्मा, नाक लाल. दारात उभी राहूनच म्हणाली, “मिस्टर कॅटरल, खरं सांगा. आमचं नाव ठरवायचं राहून गेलं आणि तेच लावलं, हो ना?”

खोटं बोलायचं ठरवूनही जमेना. म्हटलं, “नाव चुकून पडलं असेल. अक्षरं चुकून पडलेली नाहीत. एकेकाला दोन दोन दिवस लागलेत.”

तिने चष्मा काढून कोटाला पुसला. मग म्हणाली, “नाताळात काढणार म्हणे?”

“तुम्हालाच बरं म्हणून.”

“आम्हाला विचारलंत?” म्हणाली. “आमची शाळा काढून घेतली तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. आता ढाल पण घ्या काढून.” आणि दार आपटून गेली. बिजागरी ढिली झाली, ती मी नंतर बसवली.

काय करू ते सुचत नाही. तू मोठी आहेस, सांग.

पर्सी


मोरकॅम्ब, १० जानेवारी १९७१

प्रिय पर्सी,

डिसेंबरमध्ये तुझ्या साहेबांना दाखवायला पाठवलेली माझी तार मिळाली असेलच: ‘घसा बसला, भाषण रद्द.’ घसा ठणठणीत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी सगळा नाताळ त्यावर विचार केला. ढाल अजून भिंतीवर असेल तर उतरव. ती कप्तान मानी आहे, तुझ्यासारखीच, म्हणून राहू द्या म्हणते. पण बाकीच्या पंच्याऐंशी जणांचं काय? अकरा वर्षांच्या पोरांना रोज कुणी हसत असेल तर तुझं ओक किती जुनं आहे आणि वर्ख किती खरा आहे याला कोण विचारतं? तुला ती ढाल मुलांसाठी ठेवायची आहे की स्वतःसाठी, हे आधी ठरव. मला रागावून उत्तर लिहू नकोस. टपालवाले संपावर जाणार म्हणतात, तेव्हा राग गेल्यावरच लिही.

इडा


रेकशॉ, १४ मार्च १९७१

प्रिय इडा,

संप सात आठवडे चालला, राग दोनच आठवडे पुरला.

तू विचारलंस ते मी ठरवू शकलो नाही, म्हणून मुलांनाच विचारलं. नाताळात मी ढाल काढलीच नव्हती; जानेवारीत चौथ्या हाऊसची सभा होती, तिथे साहेबांची परवानगी काढून उभा राहिलो आणि शहाऐंशी जणांपुढे सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली. ट्रे काय असतो तेही सांगितलं. म्हटलं, ज्यांना ढाल नको त्यांनी हात वर करा. आधी सगळी मुलं हसली. इतकी हसली की पुढच्या रांगेतला एकजण बाकावरून पडला. मग एकही हात वर नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे सर, आमचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही?” ग्लेनिस म्हणाली, “हो. आणि ते आता आपण ठरवायचं.”

तेव्हापासून ब्रिंडलवाल्यांनी चिडवलं की हेच आधी ओरडतात, “पेंडिंग! अजून ठरलेलं नाही!”

आणि काल माळरानावरची धावण्याची शर्यत. गारठा, वरून बर्फाळ पाऊस, पालक छत्र्या घेऊन दोरीपलीकडे. साहेब भोंग्यावर. “मुलींची शर्यत. पहिला क्रमांक, पेंडिंग.”

लोक थांबले. पाच मिनिटं झाली. साहेबांना वाटलं ऐकू गेलं नाही. “पहिला क्रमांक, पेंडिंग! दुसरा क्रमांक, पेंडिंग!”

एक बाई म्हणाली, “पंचांचं जमत नाहीये वाटतं.”

“तिसरा क्रमांक, लँगडेल. मुलांची शर्यत, पहिला क्रमांक, पेंडिंग!”

तेव्हा लँगडेलच्या एका मुलीचा बाप, खाटीक आहे, छत्री आपटून ओरडला, “अहो, तिसरा ठरला आणि पहिला ठरत नाही? करताय काय इतका वेळ?”

साहेब म्हणाले, “ठरलाय! पेंडिंग!”

“ठरलाय की पेंडिंग?”

“दोन्ही!”

हे अकरा मिनिटं चाललं, मी घड्याळ लावलं होतं. तोवर शहाऐंशी मुलं चिखलात उड्या मारत होती आणि त्यांच्या आया छत्र्या टाकून त्यांच्यात मिसळल्या होत्या. आज सकाळी त्यांच्या नळीत एकशे बारा गोट्या आहेत. ब्रिंडलमधल्या दोघा जुळ्यांनी हाऊस बदलून मिळावं म्हणून अर्ज केलाय. साहेबांनी तो फेटाळला. हाऊस एकदा मिळालं की मिळालं, मागून येणाऱ्या भावंडांनाही तेच.

तुझा सल्ला चुकीचा नव्हता. तू त्यांना बघितलेलं नाहीस, एवढंच.

पर्सी


मोरकॅम्ब, २१ मार्च १९७१

प्रिय पर्सी,

मी चुकले. बघ, मला हे दोनदासुद्धा लिहिता येतं: मी चुकले.

पण सांभाळून राहा. कौन्सिलमधली माझी जुनी मैत्रीण हिल्डा हिचं पत्र आलंय. तुझा टॅटरसॉल कचेरीत जाऊन पेंडिंगसाहेबांच्या नोकरीची कागदपत्रं मागत होता. हाऊस जिंकायला लागलंय, तेव्हा त्यांच्याविषयी चार ओळी छापायच्या म्हणे. हिल्डाने मुकाट्याने टेबलावरचा ट्रे उचलून त्याच्यापुढे ठेवला. म्हणते, त्याची मान हळूहळू लाल होत गेली, खालून वर. टोपी घालून निघाला, आणि ती टोपी हिल्डाची होती.

असा माणूस गप्प बसत नाही.

इडा


रेकशॉ, १८ जुलै १९७१

प्रिय इडा,

गप्प बसला नाही.

गेल्या सोमवारी गोट्या मोजल्या. ब्रिंडल ३८१, हार्डिंग ३६०, लँगडेल ३७७, पेंडिंग ३८४. ब्रिंडलवाल्यांनी पुन्हा मोजायला लावल्या, मी तीनदा मोजल्या. कोंबडा ग्लेनिसने स्वतः उचलून नेला. जड आहे, सव्वीस पौंड. तिने कुणाला हात लावू दिला नाही.

मंगळवारी टॅटरसॉल कार्यशाळेत. बसायला जागा होती तरी बसला नाही.

“पर्सी लेका,” म्हणाला, “कोंबडा हाऊसला असलं नाव शोभत नाही. मी खेळाच्या मैदानावर मंडप बांधून देतोय. हाऊसला माझं नाव लागायला हवं.”

“मग मंडळात ठराव मांड.”

“कसा मांडू? पेंडिंग म्हणून कुणी नव्हतंच असं म्हणावं, तर सहाशे मुलांपुढे मी त्याला ओळखत होतो. तो होता म्हणावं, तर नाव कशाला बदलायचं? तूच यातून वाट काढ.” आणि खिशातून टाइप केलेला कागद काढला. त्यात एकच वाक्य: ‘मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीत टॅटरसॉल असं स्पष्ट लिहिलेलं असताना मी ते चुकून पेंडिंग असं वाचलं.’ खाली माझ्या सहीला रेघ. “तुझं काय जातंय?” म्हणाला. “चूक तर तू केलीच होतीस.”

मी कागद दोनदा वाचला. म्हटलं, “केली होती. शहाऐंशी मुलांपुढे कबूलही केली. पण ही चूक मी केलेली नाही. तुझ्या नावात दहा अक्षरं आहेत, पेंडिंगमध्ये सात. दहाची सात वाचणाऱ्या माणसाला ढाल करायला द्यायची का?”

“अरे, अक्षरं कोण मोजतंय?”

“मी मोजतो. आणि ग्लेनिस डकवर्थला तू जाऊन सांग, की बाई, तू वर्षभर चुकून धावलीस. तुला आत्तापर्यंत लोणच्याच्या कांद्यासाठी धावायचं होतं.”

तो म्हणाला, “तू शिपाई आहेस, पर्सी.”

मी म्हटलं, “हो. आणि दार तिकडे आहे. जपून, बिजागरी नवी आहे.”

गुरुवारी मंडळाची बैठक झाली. मी खिडकीची दोरी बसवायला आत होतो. दोरी काही तुटलेली नव्हती. टॅटरसॉलने विषय काढला, बराच वेळ पेंडिंगसाहेबांना ओळखतही होता आणि नव्हताही. शेवटी चिटणीस बाईंनी लेखणी वर करून विचारलं, “नावाच्या विषयावर नक्की काय लिहू?” साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “लिहा, पेंडिंग.” बाईंनी लिहिलं. सह्या झाल्या. आता ते मंडळाच्या वहीत शाईने आहे.

ग्लेनिस शाळा सोडतेय, प्रेस्टनला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं म्हणते. जाताना कार्यशाळेत डोकावून गेली. “मिस्टर कॅटरल, माझी धाकटी बहीण सप्टेंबरमध्ये येतेय,” म्हणाली. “तिचं सगळं ठरलंय.”

एक गोष्ट मी साहेबांनाही सांगितली नाही, तिलाही नाही. तुला सांगतो, आणि हे पत्र मात्र चुलीत घालू नकोस. त्या कागदाबरोबर टॅटरसॉलने एक पाकीटही बाकावर ठेवलं होतं. मी सही केली तर ते माझं, आणि वर नव्या ढालीचं काम माझ्याकडेच. दोन वर्षं कारखान्यातले कांदे फुकट, हेही म्हणाला होता, पण ते मी धरत नाही. पाकीट त्याच्यासमोर उघडलं, मोजलं, माझा दोन महिन्यांचा पगार भरला, आणि परत दिलं. एका सहीचे दीडशे पौंड.

पर्सी